लेक्चर पडद्यावर गेलं, आता वॉर्डाचं काय?

वैद्यकीय कॉलेजातली बरीच मुलं आज लेक्चरला बसतात ती हजेरीसाठी, आणि शिकतात मोबाइलवर. थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरीची अट आहे, म्हणून बाकं भरतात. खरा अभ्यास रात्री हॉस्टेलवर, कानात इअरफोन घालून होतो. यात बिघडलं काय, यावरून आमच्या घरात बरेच दिवस वाद चालू आहे. माझी थोरली बहीण सरकारी कॉलेजात मेडिसिन शिकवून निवृत्त झाली. तिचं आयुष्य वॉर्डात गेलं. माझा मुलगा एमबीबीएस होऊन सध्या इंटर्नशिप करतो आहे आणि त्याच वेळी नीट-पीजीची तयारीही. मी डॉक्टर नाही. पण उद्या माझ्या छातीत दुखेल तेव्हा समोर जो डॉक्टर येईल तो कसा शिकलेला असेल, याची काळजी मला आहे. म्हणून दोघांचं बोलणं लिहून काढलं, आणि जिथे मला काही म्हणायचं होतं तिथे ते म्हटलं आहे.

भाचा : आत्या, अडीचशे जणांची बॅच असते. मागच्या बाकावरून स्लाइडवरचं अक्षर दिसत नाही, आणि सर स्लाइडच वाचून दाखवत असतात. तोच विषय ॲपवर उत्तम शिक्षक शिकवतो. अडलं की मी मागे जातो, येत असेल ते पुढे ढकलतो. कॉलेजच्या लेक्चरमध्ये असं काय आहे जे मला व्हिडिओत मिळत नाही?

आत्या : चांगला शिक्षक तुझ्या चेहऱ्याकडे बघतो. तुला कळलेलं नाही, हे तुझ्याआधी त्याला कळतं.

भाचा : अडीचशे चेहऱ्यांकडे?

आत्या : नाही. तिथे तुझं बरोबर आहे.

तिने हे इतक्या चटकन मान्य केलं याचं मला नवल वाटलं. २०१४ च्या सुमारास देशात एमबीबीएसच्या साधारण ५१ हजार जागा होत्या, दहा वर्षांत त्या लाखाच्या वर गेल्या. जागा कागदावर वाढवता येतात. तितके शिक्षक तितक्या वेगाने तयार होत नाहीत, आणि एका खाटेभोवती किती जण उभे राहू शकतात यालाही मर्यादा आहे.

भाचा : संशोधनही माझ्याच बाजूने आहे. २००८ साली 'जामा' या नियतकालिकात डेव्हिड कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय क्षेत्रातल्या इंटरनेट शिक्षणाचे २०१ अभ्यास एकत्र करून तपासले. काहीच न शिकवण्यापेक्षा ऑनलाइन शिकवण्याचा फायदा मोठा, आणि नेहमीच्या पद्धतींशी तुलना केली तर फरक बहुतेक ठिकाणी किरकोळ.

आत्या : मग तो अभ्यास तुझ्याइतकाच माझ्याही बाजूचा झाला. फरक किरकोळ असेल तर कशाने शिकवलं याला फार महत्त्व नाही. काय शिकवलं आणि नंतर ते हातात कितपत उतरलं, हे बघावं लागेल. आणि लेक्चरची बाजू मी घेतच नाहीये. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत प्राध्यापक उंच आसनावर बसून गेलनचा ग्रंथ वाचायचे, खाली प्रेत फाडायचा दुसराच कुणी. पादुआला व्हेसेलियस त्या आसनावरून खाली उतरला आणि सुरी स्वतः हातात घेतली. गेलन सांगतो, माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो. व्हेसेलियसला तो एकाच हाडाचा दिसला. गेलनची चिरफाड प्राण्यांवरची होती, आणि शेकडो वर्षं ग्रंथ वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी समोरचं प्रेत नीट पाहिलं. व्हेसेलियसचं पुस्तक १५४३ चं आहे. तेव्हापासून आमच्या शास्त्राचं सगळं मोठं काम खाली उतरलेल्यांनी केलंय.

भाचा : म्हणजे लेक्चर हॉल हेच ते उंच आसन.

आत्या : आणि तुझा मोबाइलही तेच आसन. आता ते खिशात मावतं, एवढंच.

इथे मुलगा जरा चिडला. मला त्याची चीड समजते. या पिढीला सतत सांगितलं जातं की तुम्ही पडद्याला चिकटलेले आहात. आपल्या वॉर्डांनी त्यांना काय दिलं, हे मात्र कुणी विचारत नाही. तो जे बोलला ते मी तसंच देतो.

भाचा : वॉर्डातलं शिक्षण म्हणजे काय असतं, ते सांगू का? एका खाटेभोवती आम्ही वीस जण. पुढच्या चौघांना पेशंट दिसतो, बाकीच्यांना पुढच्यांच्या पाठी. मायट्रल स्टेनोसिसची बाई आहे म्हणून तिच्या छातीवर एकामागून एक पंधरा स्टेथोस्कोप लागतात. तिला धाप लागलेली, अंगावर पुरतं पांघरूण नाही, नको म्हणायची तिची टाप नाही, कारण ती सरकारी दवाखान्यात फुकट उपचार घेतेय. तोच मर्मर मी हेडफोन लावून पन्नास वेळा ऐकू शकतो, कुणालाही त्रास न देता. सांग, यातलं जास्त माणुसकीचं कुठलं?

आत्या : त्या बाईबद्दल तुला लाज वाटली ना? ती ठेव जवळ. माझ्या वॉर्डात एका पेशंटला तिघांपेक्षा जास्त मुलांनी तपासायचं नाही, असा नियम होता. आधी विचारायचं, पडदा ओढायचा, हात चोळून गरम करायचे. पण मर्मरचं ऐक. तो आवाज हलका, खालच्या पट्टीतला. बाईला डाव्या कुशीवर वळवायचं, शिखराची जागा बोटाने शोधायची, तिथे स्टेथोस्कोपची बेल नुसती टेकवायची. जोर दिलास की खालची त्वचा ताणली जाते आणि नेमका तोच आवाज नाहीसा होतो. रेकॉर्डिंगमध्ये ही बेल तुझ्यासाठी दुसऱ्या कुणीतरी बरोबर टेकवलेली असते. तुला ऐकायला शिकवलं, टेकवायला शिकवलं नाही.

भाचा : ते स्किल लॅबमध्ये शिकता येतं. पुतळे आहेत, सिम्युलेटर आहेत.

आत्या : येतं, आणि यावंच. सुई टोचायला आम्ही गरिबांच्या हातांवर शिकलो, ते चूकच होतं. पहिल्या चुका पुतळ्यावरच व्हायला हव्यात. छाती दाबणं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल, हे पुतळ्यावर घटवल्याशिवाय कुणाला कॅज्युअल्टीत उभंसुद्धा करू नये. याबद्दल आपला वादच नाही.

वाद कुठे आहे, ते पुढच्या विषयाने उघड झालं. विदर्भ-मराठवाड्यात काम केलेल्या कुठल्याही डॉक्टरला कीटकनाशक पिऊन आलेला पेशंट नवा नसतो. ताईने अशा किती रात्री काढल्या असतील, याचा मला अंदाजही करवत नाही.

आत्या : ऑरगॅनोफॉस्फरसची केस आली की तू काय बघशील?

भाचा : डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, घाम, नाडी मंद, छातीत घरघर. अंगाचे कपडे काढायचे, अंग धुवायचं, श्वासाचा मार्ग मोकळा ठेवायचा, ॲट्रोपिन सुरू करायचं, दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट, छाती कोरडी होईपर्यंत. नंतर इन्फ्युजन.

आत्या : उत्तम. आता रात्रीचे तीन वाजलेत. छाती कोरडी झालीय असं तुला वाटतं, पण शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या खोकल्यात नीट ऐकू येत नाही. पोरगा चादर ओढतोय, हवेतलं काहीतरी वेचतोय. त्याचा बाप म्हणतो, वेड लागलं. ॲट्रोपिन जास्त झालं, की मेंदूला प्राणवायू पुरत नाही, की दारू सुटल्याची लक्षणं आहेत? नाडी बघायची, ताप बघायचा, पोटावर हात ठेवून लघवी तुंबली का ते बघायचं, बापाला बाजूला घेऊन दारूचं विचारायचं. हे एकदा बघून भागत नाही, दर पंधरा मिनिटांनी बघावं लागतं.

भाचा : हे सगळं व्हिडिओत आहे, आत्या.

आत्या : असणारच. आता पुढचं. तिसऱ्या दिवशी सकाळी पोरगा शुद्धीत आहे, चहा मागतोय, घरच्यांना वाटतं सुटलो. तू काय करशील?

भाचा : मान उचलायला सांगेन. उशीवरून मान उचलता येत नसेल तर इंटरमीजिएट सिंड्रोम. २४ ते ९६ तासांत येतो. श्वासाचे स्नायू दगा देऊ शकतात, व्हेंटिलेटरची तयारी ठेवायची.

आत्या : हे तुला कुठे भेटलं?

भाचा : क्यू-बँकेत. एमसीक्यू होता.

आत्या : त्या प्रश्नात काय लिहिलेलं होतं, आठव. 'विषबाधेनंतर तिसऱ्या दिवशी पेशंटला मान उचलता येत नाही.' म्हणजे मान उचलून बघायचं काम प्रश्न लिहिणाऱ्याने आधीच केलं होतं. तुला फक्त नाव सांगायचं होतं. खाटेवरचा पोरगा चहा मागत असतो. त्याला मान उचलायला सांग, असं तिथे तुला कुणी सांगत नाही. प्रश्नात निवडून, निथळून चार ओळी दिलेल्या असतात. वॉर्डात चारशे गोष्टी एकदम समोर असतात, त्यातल्या कुठल्या चार बघायच्या हे तुला ठरवावं लागतं. माझ्या मते डॉक्टरकी म्हणजे हीच निवड.

भाचा : आणि माझ्या मते ती निवड मी क्यू-बँकेमुळेच करू शकलो. खरंच सांगतो. मेडिसिनच्या पोस्टिंगला असा एक पेशंट होता. सकाळच्या राऊंडला सगळे पुढे निघून गेले होते. मला तो प्रश्न आठवला, म्हणून मी मागे राहून त्याला मान उचलायला लावली. नाही उचलली त्याने. मी पळत जाऊन रेसिडेंटला सांगितलं. मला हे कुणी वॉर्डात शिकवलं नव्हतं. शिकवायला कुणी थांबलंच नव्हतं.

ताई यावर लगेच बोलली नाही. मग म्हणाली, 'हे मला आधी का नाही सांगितलंस?' आणि पेशंटचं पुढे काय झालं, व्हेंटिलेटर मिळाला का, किती दिवस ठेवला, हे तिने खोदून खोदून विचारलं. तो वाचला होता.

मला वाटतं, या वादातली सगळ्यात मोलाची गोष्ट मुलाच्या त्या आठवणीत आहे. ती दोन्ही बाजूंना आपापल्या जागी ठेवते. प्रश्न पडद्यावर वाचलेला होता, म्हणून मान बघायचं सुचलं; आणि मागे राहायला तो खाटेपाशी हजर होता, म्हणून ते बघता आलं. आपल्याकडे विद्यार्थ्याला पहिली गोष्ट भरपूर मिळते आहे आणि दुसरी दिवसेंदिवस कमी होते आहे.

आत्या : महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं काम वाच. कोकणात लाल विंचू चावला की माणसं दगावत. हातपाय गार, दरदरून घाम, मग फुप्फुसात पाणी. पाठ्यपुस्तकात त्यावर नीटसा उपाय नव्हता. बावस्कर पेशंटच्या उशाशी बसून राहिले, तासातासाला काय बदलतं ते टिपत गेले. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांची निरीक्षणं आली, १९८६ मध्ये प्राझोसिनचा उपचार आला. एका खेड्यातल्या डॉक्टरने हे जगाला शिकवलं.

भाचा : पण प्राझोसिन काही महाडला सापडलं नाही. ते रक्तदाबाचं औषध, त्याची माहिती बाहेरून आली. आणि त्यांचं म्हणणं जगापर्यंत पोचलं ते एका नियतकालिकातून. आज आडगावातल्या डॉक्टरला ही दोन्ही दारं मोबाइलवर उघडी आहेत. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये प्रोजेक्ट एको सुरू केला. हेपटायटिस सी-चे पेशंट शेकडो मैल लांब, तज्ज्ञ शहरात. त्यांनी पेशंट हलवले नाहीत. गावातल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणलं, प्रत्येकाने आपली केस मांडायची, तज्ज्ञांनी आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले : गावातल्या डॉक्टरांच्या हातून बरे होणाऱ्यांचं प्रमाण विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकंच. हेही ऑनलाइन शिक्षणच आहे.

आत्या : आहे, आणि मला ते मनापासून पटतं. कारण तिथे शिकणाऱ्याच्या हाताखाली पेशंट आहे. तो व्हिडिओवर बोलतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला तपासतो. तू हॉस्टेलच्या खोलीत क्यू-बँक सोडवतोस, तेव्हा तुझ्या हाताखाली कोण असतं?

कोविडने हा प्रयोग सगळ्या देशावर करून टाकला. मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली, मुलं गावी गेली, ॲनाटॉमी झूमवर सुरू झाली. त्याहून कठीण परिस्थिती चीनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांची झाली. सुट्टीला घरी आलेली मुलं २०२२ पर्यंत परत जाऊ शकली नाहीत. त्याच वर्षी फेब्रुवारीत युद्ध सुरू झालं आणि युक्रेनमधून हजारो विद्यार्थी परतले. पेशंटजवळचं शिक्षण पडद्यावर झालेलं चालणार नाही, ही राष्ट्रीय वैद्यक आयोगाची भूमिका होती. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी वाट काढली तीही दोन वर्षांच्या इंटर्नशिपची अट घालून. त्या मुलांचे आणि कर्ज काढून बसलेल्या आईबापांचे फार हाल झाले, पण आयोगाची भूमिका मला योग्य वाटते. मग मनात येतं, की हीच कसोटी आयोगाने देशातल्या कॉलेजांनाही तितक्याच काटेकोरपणे लावावी. ज्या कॉलेजच्या वॉर्डात खाटा आहेत पण पेशंट नाहीत, तिथला विद्यार्थी घरी बसून शिकलेल्यापेक्षा किती पुढे असेल?

भाचा : बाबा, तुम्ही दोघं मूळ मुद्द्यावर येतच नाही. मी वॉर्डात का थांबत नाही? सकाळी रक्त काढायचं, दुपारी रिपोर्ट आणायचे, ट्रॉली ढकलायची. शिकण्याची वेळ येते तेव्हा मी लायब्ररीत पळतो, कारण पीजीची जागा २०० एमसीक्यूंवर ठरते. साडेतीन तास, संपलं. मी बेल नीट टेकवतो की नाही, पेशंटशी कसा बोलतो, याचा त्यात एकही मार्क नाही. फायनलच्या लाँग केसला मी अर्धा तास पेशंटजवळ बसून हिस्टरी घेतली होती. नवऱ्यासमोर बाई एक सांगत होती, तो चहा प्यायला गेल्यावर दुसरंच. परीक्षक म्हणाले, उत्तम काढलीस. पीजीच्या यादीत ते कुठे धरतात?

आत्या : कुठेच नाही.

भाचा : मग मला पडद्याला चिकटलेला म्हणू नकोस. मला तिथे परीक्षेने बसवलंय.

इथे मी पूर्णपणे मुलाच्या बाजूचा आहे. ॲप नसती तर या मुलांनी गाईड घोकली असती. त्यांच्या आधीच्या पिढीने क्लासला जाऊन तेच केलं. फ्लेक्सनरने १९१० मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १५५ वैद्यकीय शाळा पाहून अहवाल लिहिला, तेव्हा त्याचा राग अशा शाळांवर होता ज्या फी घेऊन नुसती व्याख्यानं देत आणि पेशंटपाशी नेत नसत. तेव्हा पडदे नव्हते. पेशंटशिवाय डॉक्टर तयार करण्याची सोय प्रत्येक काळात कुणाच्या तरी फायद्याची असते, आणि आज ती सगळ्यात जास्त सोयीची आहे ती प्रवेश परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला. दोन लाखांहून अधिक उमेदवारांना एका दिवसात तपासायचं तर संगणकच लागणार, हे मलाही कळतं. पण पाच-साडेपाच वर्षांच्या वॉर्डातल्या कामाला त्या निवडीत शून्य किंमत, हे ज्यांनी ठरवलं त्यांनी वॉर्ड रिकामे केले आहेत.

भाचा : आणि वॉर्डातल्या कामाला मार्क ठेवले तर लॉगबुक येईल. आलंच आहे. २०१९ च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम, प्रत्येक कौशल्यावर शिक्षकाची सही. टर्म संपताना एका बैठकीत सगळ्या सह्या होतात.

आत्या : पाट्या टाकणारे शिक्षक असले की असंच होणार. माझ्या हातात असतं तर मी सगळी थिअरीची लेक्चरं रेकॉर्ड करून मोकळी केली असती. कुणी कुठल्याही वेगाने ऐका. शिक्षकाचे ते तास वाचतील, ते सगळे खाटेपाशी द्यायचे, एका वेळी आठच मुलं. मुलांनी व्हिडिओ ऐकून यायचं, तिथे मी एकही व्याख्या विचारणार नाही. फक्त म्हणेन, हा पेशंट, बघ आणि काय दिसलं ते सांग.

भाचा : अडीचशेच्या बॅचला आठ-आठचे गट म्हणजे बत्तीस शिक्षक, एका विषयाला. कुठून आणणार?

आत्या : सगळे एकाच वेळी नकोत. आणि रेसिडेंट आहेत. आम्हाला खरं तर त्यांनीच शिकवलं, रात्री, इमर्जन्सीला.

भाचा : आमचा रेसिडेंट छत्तीस तास जागा असतो, आत्या. मी प्रश्न विचारला की त्याचे डोळे मिटलेले असतात. तो मला काय शिकवणार?

आत्या : मग सुरुवात तिथूनच करायची. त्याच्या ड्युटीचे तास आधी कमी करा, वॉर्डाला पुरेशा नर्स आणि ट्रॉली ढकलायला माणसं द्या, म्हणजे तुझेही हात मोकळे होतील.

भाचा : आणि परीक्षा?

आत्या : परीक्षेत लाँग केसला मार्क हवेत, आणि ती तपासायला दुसऱ्या विद्यापीठातले परीक्षक हवेत, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न राहणार नाही. खर्च येईल. द्यावा लागेल.

भाचा : ते होईपर्यंत मी काय करू? माझी परीक्षा काही महिन्यांवर आहे.

आत्या : क्यू-बँक सोडव. मी नको म्हणणार नाही. पण रोज एक पेशंट असा निवड, ज्याची फाईल तू वाचलेली नाहीस. आधी त्याला तपास, तुला काय वाटतं ते लिहून ठेव, मग फाईल उघड. संध्याकाळी मला फोन करून सांग, तुझं आणि फाईलचं कुठे जुळलं नाही.

भाचा : फोनवर? म्हणजे ऑनलाइन?

आत्या : हो. पेशंट तू बघितलेला असेल, तर फोनवरसुद्धा मी शिकवेन.